हिरडेवाडीवरचा तांबडा पट्टा

अकोले तालुक्याच्या बैठकीहून परतताना राजेश्वरीला एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली, आणि तिनं लगेच मोबाईल काढला. तहसील कचेरीत त्या दिवशी डोंगरपट्ट्यातले सरपंच, ग्रामसेवक आणि अंगणवाडी सेविका बोलावल्या होत्या. दरडींच्या धोक्याविषयी बैठक होती. अश्विनी नावाच्या एक भूवैज्ञानिक मॅडम आल्या होत्या. त्यांनी पडद्यावर अख्ख्या तालुक्याचा नकाशा लावला. कुठला उतार खचण्याजोगा आहे ते त्यात रंगांनी दाखवलं होतं. "हा नकाशा सगळ्यांना खुला आहे, मोबाईलवरसुद्धा दिसतो. आपापलं गाव शोधून बघा," असं त्या म्हणाल्या. लोकांनी माना डोलावल्या, चहा-बिस्किटं घेतली आणि आपापल्या गाड्या गाठल्या.

राजेश्वरीनं मात्र शोधलं. हिरडेवाडीचं नाव नकाशात नव्हतं. एवढ्याशा वाडीचं नाव कोण लिहिणार? पण वाडीखालचा ओढा जिथं कोपरात दुमडल्यासारखा वळतो ते वळण तिला सापडलं, आणि तिथून बोट वर सरकवत ती घरांच्या जागेवर आली. तिथं तांबडा पट्टा होता. डोंगराच्या कड्यापासून थेट ओढ्यापर्यंत उतरलेला. तिनं नकाशा बंद केला, पुन्हा उघडला. पट्टा हलला नाही. पुढच्या वळणावर रेंज गेली.

राजेश्वरी धिंदळेचं माहेर संगमनेरच्या अलीकडे, प्रवरेच्या सपाट रानातलं. लग्न होऊन हिरडेवाडीत आली तेव्हा घराच्या पाठीला टेकलेला एवढा मोठा डोंगर बघून तिला झोप येत नसे. नवरा, सुनील, हसायचा. म्हणायचा, "तो काय तुज्या अंगावर येतोय व्हय?" सुनील भंडारदऱ्याच्या रस्त्यावर जीप उलटून गेला. मुलगी संस्कृती संगमनेरला नर्सिंग शिकायला होती, ती सुट्टीपुरती यायची. घरात उरल्या दोघी, राजेश्वरी आणि तिची सासू लंकाबाई. सासू जिभेची तिखट. सून शांत. पण संध्याकाळी चुलीच्या दोन बाजूंना दोघी बसल्या, की भाकरी होईपर्यंत दिवसभराचं सगळं बोलून व्हायचं. वाडीला राजेश्वरी शेवटपर्यंत खालच्या रानातली, परकी. तिचं म्हणावं असं एकच माणूस त्या वाडीत होतं, आणि ते म्हणजे ही म्हातारी.

तांबड्या पट्ट्याची गोष्ट तिनं पहिल्यांदा सांगितली ती लंकाबाईलाच.

"डोंगर तुला मोबाईलनं दाखवला व्हय?" म्हातारी म्हणाली. "मी हितं जलमभर ऱ्हायले. मला न्हाई दिसला तांबडा." मग चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि म्हणाली, "आवंदा झऱ्याचं पानी मात्र गढूळ येतंय. कंदी येत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच सुनेचा हात धरून वर निघाली. हिरड्याच्या झाडांच्या मागं, गुरांच्या वाटेच्या वर, जमिनीला भेग पडली होती. पाय आत जाईल एवढी रुंद, आणि लांब. दोन्ही टोकं झुडपात गेलेली. लंकाबाईनं त्यात काठी घातली. काठी मुठीपर्यंत आत गेली.

राजेश्वरीनं भेगेचे फोटो काढले. वाडीत रेंज नव्हती. ओढ्यावरचा साकव ओलांडून पलीकडं ती सांभाळत असलेली अंगणवाडी होती, आणि तिच्या मागच्या कातळावर उभं राहिलं की कशीबशी दोन काड्या रेंज मिळे. तिथून तिनं फोटो अश्विनी मॅडमना पाठवले. तासाभरात फोन आला.

"ताई, ही भेग चांगली नाही. मी वर कळवते आहे. पण एक लक्षात ठेवा, नकाशा ठिकाण सांगतो, दिवस सांगत नाही. यंदा काही होणार नाही, किंवा पुढची दहा वर्षं होणार नाही, किंवा या आठवड्यात होईल. मला ते सांगता येत नाही."

"मग आमी काय करायचं?"

"पावसाचा आकडा बघत राहा. तुमच्या महसूल मंडळाचा रोजचा पाऊस सरकारच्या साइटवर येतो. सलग तीन-चार दिवस पावसानं झोडपलं, की सगळ्यांना घेऊन खाली या."

तेव्हापासून राजेश्वरी रोज सकाळी मुलांची वजनं-उंची मोबाईलवर भरायला कातळावर जाई तेव्हा मंडळाचा आकडाही बघू लागली. आषाढात एका आठवड्यात तो आकडा चढतच गेला. धुकं एवढं की शेजारचं घर दिसेना. त्याच दिवसांत दुसऱ्या जिल्ह्यात कुठंतरी दरडीखाली वाडी गेल्याची चित्रं सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होती. तिनं डोक्यावर इरलं घेतलं आणि घरोघरी फिरली.

लोकांनी ऐकलं ते तिच्याकडं बघून नव्हे. थोरले दीर पुंजाराम यांनी ऐकलं म्हणून ऐकलं. पुंजाराम वेगळे राहत, पण वाडीत त्यांचा शब्द चाले. माळीणची दरड कोसळली तेव्हा ते मदतीला गेले होते, आणि तिथं काय बघितलं ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. राजेश्वरीचं बोलणं त्यांनी उभ्यानं ऐकलं आणि घरात डोकावून म्हणाले, "आवरा. खाली जायाचं."

भाताची आवणी अर्धी राहिली. गुरं सोडली, कोंबड्या कोंडल्या, आणि वाडी घाटाखालच्या आश्रमशाळेत उतरायला निघाली. लंकाबाई एकटीच उंबऱ्यावर बसून राहिली.

"मी न्हाई येत. माजं आता काय ऱ्हायलंय? तुमी जा."

"तुमी न्हाई आलात तर मी पन न्हाई, आत्याबाई," राजेश्वरी तिच्या शेजारी बसत म्हणाली. "दोगी हितंच बसू."

म्हातारीनं सुनेकडं पाहिलं. मग भिंतीला धरून उठली. सगळी वाट पावसात, सुनेच्या खांद्यावर हात टाकून ती चालत उतरली.

आश्रमशाळेचं दालन मोठं होतं, पण खिडक्यांतून वारा यायचा आणि फरशी ओल धरून होती. लंकाबाईला खोकला झाला, मग ताप भरला, मग धाप लागली. जीप मिळवून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. सलाईन चालू असताना तिनं एकदाच डोळे उघडून विचारलं, "कोंबड्यांना कुनी दानं टाकलं का गं?" राजेश्वरी म्हणाली, टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी गेली.

पाऊस उघडला, लोक वर आले. डोंगर होता तिथंच होता. एक दगडसुद्धा हलला नव्हता. राहिलेली रोपं पिवळी पडून वाया गेली होती. कुणाची शेळी बिबट्यानं नेली होती, कुणाच्या घरात पाणी साचून धान्याला कोंब आले होते. लंकाबाईचं दहावं घाटाखाली नदीवर झालं. सगळे हातपाय धुऊन निघाले तेव्हा पुंजाराम राजेश्वरीजवळ येऊन थांबले. आवाज चढवला नाही. उलट इतक्या हळू बोलले की शेजारच्याला ऐकू जाऊ नये.

"तुज्या मोबाईलनं माजी आई खाल्ली."

त्यानंतर ते तिच्याशी बोललेच नाहीत.

वाडीतही तोंडावर कुणी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. बाया पोरांना अंगणवाडीत आणून सोडायच्या, पण पूर्वीसारख्या दारात टेकायच्या नाहीत. साकवावरूनच हात दाखवून परत फिरायच्या. पाण्यावर राजेश्वरी गेली की चाललेलं बोलणं थांबे. कुणी उठून जात नसे. नुसतं बोलणं थांबे, आणि ती हंडा भरून वळली की मागं पुन्हा सुरू होई. मदतनीस बनाबाई तेवढी नेहमीसारखी वागे, पण तीही नवऱ्याचा धाक असलेली बाई. काम संपलं की थांबायची नाही.

संध्याकाळचा वेळ सगळ्यांत वाईट. पीठ मळायला घेतलं की हात आपोआप दोघींचं मळायचा. कितीतरी दिवस तिनं उरलेली भाकरी सकाळी कुत्र्याला घातली. मग एकदा तिच्या लक्षात आलं, आपण भाकरी थापताना मोठ्यानं बोलतोय. आज बनाबाई उशिरा आली, आज अमक्याच्या पोरीचं वजन भरलं, असं. पलीकडच्या पाटावर कुणी नव्हतं. त्या दिवसापासून ती गप्प राहून स्वयंपाक करू लागली.

"आई, तू इकडं ये," संस्कृती फोनवर म्हणायची. "खोली घेऊ आपण. तिथं तुझं आहे तरी कोण?"

"अंगणवाडी हाय," एवढंच राजेश्वरी म्हणायची.

नकाशा तिनं हिवाळाभर उघडला नाही. पावसाचे आकडे बघायचा तर प्रश्नच नव्हता. आकाश कोरडं होतं.

चैत्रात एक दिवस अश्विनी मॅडम दोन माणसांना घेऊन पायी वर आल्या. भेगेचे फोटो पाहून त्यांना जागेवर पाहणी करायला पाठवलं होतं. अंगणवाडीत पाणी पिताना त्यांनी विचारलं, "तुमच्या सासूबाई कशा आहेत? मागच्या वेळी फोटोत काठी धरून उभ्या होत्या त्याच ना?"

राजेश्वरीनं काय झालं ते सांगितलं. कमी शब्दांत. मॅडमनी पेला खाली ठेवला. समजूत घालायला गेल्या नाहीत, आणि त्याबद्दल राजेश्वरीला बरं वाटलं.

दिवसभर त्या उतारावर फिरल्या. राजेश्वरीनं भेग दाखवली, झरा दाखवला, पूर्वी कधीतरी खचून आता गवतानं झाकलेली जागा दाखवली. भेग रुंदावते का ते मोजता यावं म्हणून तिच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या गेल्या. उन्हं कलल्यावर सगळे ओढ्याशी आले. साकव ओलांडला. मॅडमनी पायाखालचा काळा कातळ बुटानं ठोकून पाहिला, मग मागं वळून डोंगराकडं पाहिलं, पुन्हा कातळाकडं.

"तो नकाशा फार लांबून काढलेला आहे, ताई," त्या म्हणाल्या. "त्यात एक बोट ठेवलं की त्याखाली अख्खी वाडी झाकते. म्हणून सगळंच तांबडं दिसतं. जागेवर येऊन बघितल्याशिवाय बारीक फरक कळत नाही. वरून माती सुटली, तर ती या ओढ्याच्या अंगानं खाली जाईल. ओढ्याच्या पलीकडं घरं आहेत, तिथं धोका आहे. अलीकडं हा सलग कातळ आहे आणि तो उंचावर आहे. इथं धोका फार कमी."

"फार कमी म्हंजे?"

"अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. पण ओढ्याला पाणी चढायच्या आत साकव ओलांडून लोक अंगणवाडीत आणि शेजारच्या समाजमंदिरात आले, तर मला पुरेसं वाटेल."

राजेश्वरी समोर बघत होती. साकवापलीकडं तिचं घर दिसत होतं. या वाटेनं लंकाबाई रोज दुपारी काठी टेकत यायची, पोरांची खिचडी चाखून मीठ कमी आहे म्हणायची आणि परत जायची. रोज. काही न होता.

"म्हंजे मागल्या साली खाली जायाचं कारनच नव्हतं," ती म्हणाली.

"मागच्या साली मी ही जागा पाहिलेली नव्हती," मॅडम म्हणाल्या. "मला जेवढं माहीत होतं, त्यावरून मी सांगितलं. आज जास्त माहीत आहे."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच दोष कुणावर टाकताही येईना.

जाताना त्यांनी एक पर्जन्यमापक दिलं. नरसाळं बसवलेलं साधं भांडं, अंगावर रेघा आखलेल्या. "मंडळाचं यंत्र खाली बाजारगावात आहे. तिथला पाऊस म्हणजे तुमच्या वाडीचा पाऊस नव्हे. तुमचा तुम्ही मोजा," असं म्हणाल्या.

राजेश्वरीनं ते अंगणवाडीच्या अंगणात, झाडापासून लांब, खांबावर बसवलं. आषाढ लागला तसं तिला कळलं की मॅडमचं म्हणणं खरं होतं. साइटवर मंडळाचा आकडा मध्यम दिसायचा आणि इकडं भांडं काठोकाठ. कड्याला अडून ढग वाडीवरच रिते होत, आणि खालच्या यंत्राला त्याचा पत्ताही नसे. रोज सकाळी ती आकडा दारामागच्या फळ्यावर खडूनं लिही. पोरांना वाटे, बाई गणित घालतात.

मग ते दिवस आले. पाऊस थांबायचं नाव घेईना. फळ्यावरचे आकडे एकाखाली एक मोठे होत गेले, झऱ्याचं पाणी पुन्हा चहासारखं झालं. सकाळीच राजेश्वरी इरलं घेऊन निघाली. पहिल्याच दारात बाई म्हणाली, "तुमी जा, बाई. आमाला न्हाई जमायचं आता." दुसऱ्या दारात कुणी बाहेर आलं नाही. तिसरीकडं म्हाताऱ्यानं विचारलं, "आवंदा कुनाला न्यायचं हाय?" पुंजारामांच्या दारापर्यंत गेली आणि न बोलता परत आली. खाली घाटाकडं जायचं नाही, फक्त साकवापलीकडं यायचं आहे, हे सांगायलाही कुणी तिला वेळ दिला नाही.

अंगणवाडीत येऊन ती ओल्या कपड्यांनी तशीच चुलीशी बसली. एकदा मनात आलं, संगमनेरची गाडी धरावी. मग बनाबाई नेहमीप्रमाणे पोरं गोळा करून आली. प्लास्टिकचे कागद पांघरलेली, नाकं गळणारी. अंगणवाडीचीच वेळ ती, आया पाठवणारच. राजेश्वरीनं पोरांची डोकी पुसली. आणि मग पातेलं मोठं काढलं.

"एवढं कशाला?" बनाबाईनं विचारलं.

"पोरं आज घरी जानार न्हाईत."

बनाबाईनं उठून स्वतःच तांदळाचा डबा काढला.

सुटायच्या वेळी आया आल्या. राजेश्वरी दारात उभी राहिली. "ओढा चढतोय. पोरं हितंच निजतील. तुमी बी हितंच थांबा. घाटाखाली न्हाई जायाचं, कुठंच न्हाई जायाचं, हितंच." दोघीतिघी तावातावानं बोलल्या. एकीनं पोरगी उचललीसुद्धा. पण पोरगी गरम खिचडी खात होती, ती रडायला लागली, आणि बाहेर पाऊस असा की समोरचा साकव दिसेना. ती बाई पुटपुटत खाली बसली. ती बसली तशा बाकीच्या बसल्या. घरी चूल पेटली नाही म्हणून दिवस कलता कलता पुरुष येऊ लागले. आधी भांडायला, मग जेवायला. घोंगड्या आल्या, म्हातारी माणसं आली, दोन शेळ्या आल्या.

पुंजाराम आले नाहीत. त्यांचा नातू आत होता, सून आत होती. संधिप्रकाशात ते साकवापलीकडं गाईचं दावं धरून उभे असलेले राजेश्वरीला दिसले. ओढ्याचं पाणी साकवाच्या फळ्यांना लागायला आलं होतं. ती साकव ओलांडून त्यांच्यापाशी गेली.

"दादा, चला."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. ते अंगणवाडीकडं बघत होते. तिच्या उजेडाकडं, तिच्या खालच्या काळ्या कातळाकडं.

"ह्यो कातळ," वर्षानंतर ते तिच्याशी बोलले, "मागल्या साली पन हितंच हुता ना?"

"व्हय," राजेश्वरी म्हणाली. "पन मला म्हाईत नव्हतं."

मग पुंजारामांनी गाईचं दावं तिच्या हातात दिलं आणि तिच्या पुढं साकवावर पाय टाकला. पलीकडं जाऊन समाजमंदिरात, अगदी कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून बसले.

पाऊस ओसरला, लोक घरी गेले. डोंगर त्याही साली आला नाही. भेग थोडी रुंदावली होती, खुंट्यांमधलं अंतर वाढलं होतं, एवढंच. पण या वेळी कुणाचं काही गेलं नव्हतं. रोपं शाबूत होती, कोंबड्या शाबूत होत्या, म्हातारी माणसं कोरडी होती. त्यामुळं कुणी काही बोललं नाही. श्रावणात पुन्हा झड लागली तेव्हा लोक बोलावण्याची वाट न बघता वळकट्या घेऊन आले. एकजण तर दारातूनच ओरडला, "बाई, आज भांडं भरलं का?" आणि आत हशा पिकला.

राजेश्वरीही हसली. मग प्रत्येक घर आपापला कोपरा धरून बसलं. सासवा सुनांच्या मांडीवर पोरं देत होत्या, नवरे बायकांकडं तंबाखू मागत होते. ती मधे उभी होती, हातात पळी घेऊन. सगळ्यांना वाढून झाल्यावर कुठं बसावं ते तिला कळेना. ती चुलीपाशी जाऊन बसली.

वाडीला दुसरी जागा द्यावी असा प्रस्ताव मॅडमच्या अहवालावरून तालुक्याला गेला. तो अजून तिथंच आहे. मॅडमची बदली कोकणात झाली. फोन कधीतरी येतो, रेंज असली तर.

नवरात्र सरलं तसं राजेश्वरीनं पर्जन्यमापक खांबावरून उतरवलं, धुतलं आणि फडताळावर पालथं घातलं. भात कापायला आलं होतं. सकाळी बाया विळे घेऊन घोळक्यानं निघाल्या, ती मागून आपल्या चालीनं गेली. तिच्या खाचराला लागूनच पुंजारामांचं खाचर. दुपारी त्यांच्या घरचे सगळे बांधावर बसून जेवायला लागले. तीही आपल्या बांधावर बसली, फडकं सोडलं. मधे एवढंच अंतर होतं, की त्यांच्या भांड्यांचा आवाज तिला येत होता. कुणी हाक मारली नाही. तिनंही तिकडं पाहिलं नाही. भाकरी संपवली, हात धुतले आणि ऊन होतं तोवर उरलेल्या ओळी कापायला घेतल्या.